पाय माझा, सही माझी

गुरुवार, १६ मार्च २०२३. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. सिंगापूरमधील एका मोठ्या रुग्णालयाचा सातवा मजला. माझ्या डाव्या मनगटावर नावाची पट्टी होती, उजव्या हातात सलाइनची सुई होती, आणि मला शस्त्रक्रियागृहात नेण्यासाठी आलेली चाकांची खाट दाराशी उभी होती. त्या वेळी मला माझा आजार समजला. डॉक्टरांना तो आदल्या दिवशीच समजला होता. माझ्या मुलालाही. मला कोणी सांगितले नव्हते.

तो समजण्यास एक परिचारिका कारण झाली. तिने मला काही सांगितले नाही. तिने विचारले.

हे मी सहानुभूती मिळावी म्हणून लिहीत नाही. माझ्या वयाची, मुलांच्या आधाराने परदेशी राहणारी पुष्कळ माणसे आज ना उद्या अशाच खाटेवर पडणार आहेत. त्यांच्यासाठी लिहितो. त्यांच्या मुलांनीही वाचावे.

मी परभणीचा. दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झालो. माझ्या कार्यालयात दस्तांची नोंदणी होई. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. जो दस्त करून देतो त्याला आमच्या भाषेत ‘लिहून देणार’ म्हणतात. त्याला समोर उभे करून मी तीन प्रश्न विचारीत असे. मजकूर वाचलात का? समजला का? सही तुमचीच का? बरोबर आलेला मुलगा किंवा पुतण्या मध्येच म्हणे, ‘समजलंय त्यांना, साहेब.’ मी त्याला बाहेर थांबायला सांगे. माझे वडील कागदावर अंगठा उठवीत. काय लिहिले आहे ते त्यांना समोरचा सांगेल तेवढेच कळे. म्हणून या एका बाबतीत मी कधी सूट दिली नाही. निदान कार्यालयात तरी दिली नाही.

पत्नी कमल नऊ वर्षांपूर्वी वारली. गेली चार वर्षे मी मुलाकडे, क्वीन्सटाउनमध्ये राहतो. मुलाचे नाव मिलिंद. जुरोंग ईस्टला एका कंपनीत व्यवस्थापक आहे. सून प्रज्ञा, नात यशोधरा. घर अकराव्या मजल्यावर आहे. या देशातील माझे सर्व कागद मिलिंद भरतो. राहण्याचा पास, विमा, बँक. सगळे फोनवर होते. माझ्यापर्यंत येते तेव्हा काम झालेले असते. मला ते सोयीचे वाटत होते. चूक तिथूनच सुरू झाली, हे प्रथम मान्य करतो.

मला बावीस वर्षे मधुमेह आहे.

आमच्या इमारतीखाली खड्यांची एक पायवाट आहे. सिमेंटमध्ये गोटे उभे रोवलेले आहेत. इथे बहुतेक वसाहतींत अशी वाट असते. म्हातारी माणसे सकाळी तिच्यावर अनवाणी चालतात. तळव्यांवर दाब पडून रक्त खेळते, असे सांगतात. चिनी म्हातारे कठड्याला धरून, तोंड वेडेवाकडे करीत चालत. मी कठड्याला हात न लावता रोज वीस फेऱ्या घालीत असे. मला काहीच टोचत नसे. एकदा नातीने पायरीवर बसून विचारले, “आजोबा, नॉट पेन मेह?” दुखत नाही का, असे ती विचारीत होती. मी म्हणालो, सवय पाहिजे.

सवय नव्हती. न्यूरोपथी होती, म्हणजे मधुमेहामुळे पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. ज्याला मी काटकपणा समजत होतो तो आजार होता. मधुमेह असलेल्या वाचकांना एवढेच सांगतो, पायाला काही टोचत नसेल तर अभिमान बाळगू नका. त्याच दिवशी पाऊल उलटे करून तळवा पाहा. दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा.

मंगळवारी, १४ तारखेला, मला ताप आला. प्रज्ञाने धुण्यासाठी माझे मोजे उचलले आणि जागीच थांबली. डाव्या मोज्याला डाग होता आणि वास होता. तिने मोजा पिशवीत घातला, मिलिंदला फोन केला आणि मला खुर्चीतून उठू दिले नाही. करंगळी काळी पडली होती. शेजारचे बोट सुजले होते. खाली एक भोक होते, त्यात काडी गेली असती. मला वेदना नव्हती.

संध्याकाळी रुग्णालयात दाखल झालो. रक्त घेतले. साखर फार वाढली होती, म्हणून इन्सुलिन सुरू केले. शिरेतून प्रतिजैविके सुरू केली. बुधवारी एक्स-रे काढला. दुपारी डॉप्लर तपासणीसाठी खाली नेले. पायातल्या रक्तवाहिन्यांतून रक्त किती वाहते, ते या तपासणीत ध्वनिलहरींनी पाहतात. एक मुलगी पायावर थंड लेप लावून यंत्र फिरवीत होती. यंत्रातून रक्ताचा आवाज येई. घोट्याच्या खाली तो बारीक झाला. मी तिला विचारले, हे चांगले की वाईट? ती म्हणाली, डॉक्टर सांगतील.

मी खाली असतानाच वर एक तरुण डॉक्टर येऊन गेला. त्याला माझ्या खाटेपाशी मिलिंद भेटला. पुढचे मला दुसऱ्या दिवशी समजले. मी परत आलो तेव्हा मिलिंद एवढेच म्हणाला, “बाबा, उद्या सकाळी जखम साफ करणार आहेत. डिब्राइडमेंट म्हणतात. अर्ध्या तासाचं काम.” डिब्राइडमेंट म्हणजे मेलेले मांस खरवडून काढणे. मी ठीक म्हणालो. सही कुठे करायची, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते. बत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या आणि स्वतःची मागायला विसरलो.

आता गुरुवारची सकाळ.

परिचारिकेचे नाव नोराइनी. मलय स्त्री, पन्नाशीची, डोक्याला करड्या रंगाचा रुमाल, चेहऱ्यावर हसू नाही. मला अशी माणसे आवडतात. तिच्या हातात एक यादी होती. शस्त्रक्रियेला पाठवण्यापूर्वी रुग्णाला स्वतःच्या तोंडाने काही उत्तरे द्यावी लागतात. नाव आणि जन्मतारीख मी सांगितली. रात्रीपासून काही खाल्ले नाही, हेही सांगितले.

“आज कोणतं ऑपरेशन आहे, अंकल? कोणत्या बाजूचं?”

मी म्हणालो, “डावे पाऊल. जखम धुणार आहेत. डिब्राइडमेंट.”

तिचे पेन थांबले. तिने हातातला दुसरा कागद पाहिला. पुन्हा माझ्याकडे पाहिले.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मुलाने.”

“डॉक्टरांनी स्वतः काही सांगितलं?”

“माझी त्यांची भेट नाही.”

तिने खाट घेऊन आलेल्या माणसाला बाहेर थांबायला सांगितले. तो घड्याळाकडे बघू लागला. तिने बघितले नाही. ती मला म्हणाली, “कागदावर वेगळं लिहिलं आहे. त्याचा अर्थ सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण डॉक्टर येऊन तुमच्याशी बोलेपर्यंत मी तुम्हाला पाठवणार नाही.”

मी कागद मागितला. माझ्या शरीराचा कागद आहे, मी वाचतो, असे म्हणालो. तिने कपाटातून माझा चष्मा काढला, पुसला आणि कागदासह माझ्या हातात दिला.

इंग्रजीत लिहिले होते. डाव्या पायाचे चौथे आणि पाचवे बोट, रे अँप्युटेशन. बोट आणि त्याच्या मागचे तळव्यातले हाड, दोन्ही काढणे असा त्याचा अर्थ. कारण, ऑस्टिओमायलायटिस आणि गँगरीन. हाड सडले होते आणि मांस मेले होते. त्यापुढे तीन इंग्रजी अक्षरे होती, केआयव्ही. हा इथल्या कचेऱ्यांचा आवडता शब्द आहे. ‘कीप इन व्ह्यू’, म्हणजे आत्ता करीत नाही, पण विचारात ठेवले आहे. आणि त्यापुढे होते, बिलो नी अँप्युटेशन.

गुडघ्याखालून पाय कापणे.

म्हणजे मी दोन बोटांची जखम धुवायची म्हणून झोपलो असतो आणि उठलो असतो तेव्हा पाय नसण्याची शक्यता होती. ती शक्यता कागदावर लिहिली गेली होती. रुग्णाच्या सहीच्या जागी सही होती. मिलिंदची. इंग्रजीत, खाली रेघ ओढलेली. त्याखाली त्या तरुण डॉक्टरची.

मी कागद परत दिला आणि म्हणालो, “हा दस्त अवैध आहे.”

समोरच्या खाटेवर एक निवृत्त टॅक्सीचालक होते, माझ्याच वयाचे. दोन दिवस ते माझ्याशी केवळ जेवणाच्या निकृष्टतेवर बोलत होते. ते उठून बसले आणि नोराइनीला इंग्रजीत म्हणाले, “हा वकील आहे का? मिस्सी, याला लवकर ने. नाहीतर हा तुलाच कोर्टात नेईल.”

“मी वकील नाही,” मी म्हणालो. “मी वकिलांचे कागद परत पाठवीत असे.”

ते समाधानाने पुन्हा आडवे झाले.

नोराइनी भिंतीवरच्या फोनपाशी गेली. तिचा आवाज चढला नाही. पलीकडे कोण होते मला ठाऊक नाही, पण घाईत होते. ती म्हणाली, “तो शुद्धीवर आहे. इंग्रजी वाचतो. आणि त्याला वाटतंय तुम्ही जखम धुणार आहात. मी पाठवत नाही.” ऐकून घेतले. मग म्हणाली, “हो. माझ्या नावावर लिहा.”

माझ्या नोकरीत हे वाक्य मी जेमतेम दोन-तीन माणसांच्या तोंडून ऐकले. शस्त्रक्रियागृहातली वेळ वाया गेली होती. वरचे लोक रागावले होते. ती एका ओळीत सही करून मोकळी होऊ शकत होती. यादीतल्या त्या चौकोनात खूण केली असती तर कोणालाच काही कळले नसते. मलाही नाही. चौकोन रिकामा ठेवायला पाठीचा कणा लागतो.

नंतर तिने माझ्या शेजारी बसूनच संगणकावर एक अहवाल लिहिला. काय घडले, किती वाजता, कोण काय म्हणाले. मी विचारले, यात माझ्या मुलावर तक्रार आहे का? ती म्हणाली, “नाही. चूक आमची आहे. मुलं घाबरलेली असतात. आम्ही घाबरायचं नसतं.”

साडेआठला तिने सांगितले की मिलिंदचा फोन आला होता. “त्याला मी एवढंच सांगितलं की तुम्ही वॉर्डमध्येच आहात आणि ठीक आहात. कारण सांगितलं नाही. तुमची परवानगी हवी. मी सांगू, की तुम्ही सांगाल?”

“मी सांगतो.”

मिलिंद नऊ वाजता आला. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, कपाळावर घाम. मी त्याला बसायला सांगितले नाही. मी विचारले, सही कोणाची?

तो बराच वेळ बोलला. सर्व लिहीत नाही. डॉक्टर घाईत होते. मला ताप होता. मी वैतागलो असतो. माझे सगळे कागद तोच भरतो, हाही त्याला त्यातलाच एक वाटला. आपल्याकडे दवाखान्यात नातेवाईकच सही करतात, हे खरेच आहे. शेवटी तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

“नाही म्हणण्याचा अधिकार कोणाचा?”

“आणि मग पाय सडत वर गेला असता तर? मी फक्त बघत बसायचं?”

“हो. मला विचारून बघत बसायचे.”

तो खाली बघत म्हणाला, “आईला कुणी विचारलं होतं, बाबा?”



कमलला जठराचा कर्करोग होता. डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितले. मी म्हणालो, तिला सांगू नका. शस्त्रक्रियेच्या कागदावर पती म्हणून मी सही केली. तिला अल्सर सांगितला. ती साडेचार महिने जगली. कार्यालयात अनोळखी माणसाच्या मुलाला बाहेर उभे करणारा मी, घरी तिला एकही प्रश्न विचारू दिला नाही. शेवटच्या महिन्यात तिने आपल्या दोन चांगल्या साड्या बहिणीला देऊन टाकल्या. कशासाठी, असे मी विचारले नाही. मिलिंद तेव्हा पुण्याहून दर शनिवारी येत असे. त्याने सर्व पाहिले होते. त्याने माझ्याच हाताखाली शिकलेले काम माझ्यावर केले.

मी म्हणालो, “ती माझी चूक होती. तू ती पुढे चालवू नकोस.”

एवढेच बोलणे झाले. तो खुर्चीत बसला.

साडेअकराला शल्यविशारद आल्या. चाळिशीच्या चिनी बाई, थोडक्यात बोलणाऱ्या. बरोबर तो तरुण डॉक्टर होता. त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी आधी माफी मागितली, एका वाक्यात. मला ते पुरेसे होते. मग त्यांनी पडदा ओढला आणि कागदावर पाऊल काढून दाखवले. बोटे मेली आहेत. ती ठेवली तर जंतू रक्तात जातील आणि मी मरेन, काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत. बोटे काढली तरी जखम भरेलच असे नाही. रक्तपुरवठा कमी आहे. आत उघडल्यावर पू वरपर्यंत गेलेला दिसला तर गुडघ्याखालून कापणे सर्वांत सुरक्षित.

मी विचारले, बोटे काढून थांबलात आणि मला उठवून विचारलेत तर?

त्या म्हणाल्या, मग दुसऱ्यांदा भूल द्यावी लागेल. मधल्या काळात संसर्ग वाढू शकतो. तुमचं हृदय चौऱ्याहत्तर वर्षांचं आहे. धोका वाढतो.

“किती?”

“नेमका आकडा देणं खोटं ठरेल. वाढतो, एवढं नक्की.”

मला हे उत्तर आवडले. मी म्हणालो, “दोन बोटे काढा. गुडघ्याचे मी झोपेत असताना ठरणार नाही. वर गेलेले दिसले तर मला उठवा, दाखवा आणि विचारा. तोपर्यंत मेलो तर तो माझा निर्णय.”

मिलिंद पडद्याच्या आत होता. त्याने सर्व ऐकले.

बाई म्हणाल्या, “मी याच्याशी सहमत नाही.”

“सहमत असण्याची आवश्यकता नाही. लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतले. त्या निघाल्यावर टॅक्सीचालकांनी पडद्याच्या फटीतून अंगठा वर करून दाखवला.

वाचकांनी येथे घोटाळा करू नये. वैद्यकीयदृष्ट्या माझे बरोबर होते, असे मी म्हणत नाही. कदाचित त्या बाईंचेच बरोबर होते. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाला चुकीचा निर्णय घेण्याचाही अधिकार असतो. या देशाचा कायदा तसे मानतो. म्हातारा झाला, हट्टी आहे, ताप आहे, इंग्रजी मोडके आहे, यावरून त्याला कळत नाही असे ठरवता येत नाही. ते तपासावे लागते. आणि तपासण्याची पहिली पायरी म्हणजे त्याला विचारणे. यालाच इन्फॉर्म्ड कन्सेंट म्हणतात, समजून-उमजून दिलेली संमती. ती कुटुंबाची नसते. ज्याचा पाय त्याची असते.

नवा फॉर्म दीड वाजता आला. मी चष्मा लावला, पण वाचला नाही. मिलिंदला म्हणालो, “तू वाच. मोठ्याने. मराठीत.”

“बाबा, तुम्हाला इंग्रजी येतं.”

“मला येते. तुला हे मराठीत म्हणता येते का, ते बघायचे आहे.”

नोराइनी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला भाषा कळत नव्हती, पण काय चालले आहे ते कळत होते. मिलिंद वाचू लागला. “डाव्या पायाचं चौथं आणि पाचवं बोट...” आणि थांबला. अँप्युटेशन हा शब्द त्याने दिवसभरात वीस वेळा उच्चारला असेल. मी वाट पाहिली. तो म्हणाला, “कापून काढणे.” पुढे गेला. रक्तस्राव. संसर्ग. हृदयविकाराचा झटका. पुढच्या शब्दापाशी पुन्हा थांबला.

“थांबू नकोस,” मी म्हणालो.

“मृत्यू.”

“पुढे.”

पुढे माझी अट होती, हाताने लिहिलेली. गुडघ्याखालील शस्त्रक्रिया रुग्णास शुद्धीवर आणून, त्याची संमती घेतल्याशिवाय करू नये. ते त्याने न अडखळता वाचले. मग मी स्वतःलाच माझे तीन प्रश्न मनात विचारले आणि सही केली. देवनागरीत, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. हातात सुई होती, सही वाकडी आली. वाकडी सही चालते. दुसऱ्याची सरळ सही चालत नाही.

तरुण डॉक्टरने आपली सही केली. त्याने मला विचारले, आणखी काही शंका? मी म्हणालो, तुम्ही काल हे विचारायला हवे होते. तो ‘हो’ म्हणाला. सबब सांगितली नाही. तो चांगला डॉक्टर होईल.

नोराइनीने आणखी एक प्रश्न विचारला. माझी माहिती कोणाकोणाला द्यावी? मी सांगितले, मुलाला आणि सुनेला सर्व सांगा, काहीही लपवू नका. निर्णय मात्र मला विचारून. आणि मला विचारता येण्याची स्थिती उरली नाही तर मुलाला विचारा. तिने ते शब्दशः लिहिले आणि मला वाचून दाखवले. मिलिंद खिडकीकडे तोंड करून उभा होता. शेवटचे वाक्य त्याच्या कानावर गेले, हे मला त्याच्या खांद्यांवरून दिसले.

निकाल ऐकण्यास वाचक उत्सुक असतील, म्हणून सांगून टाकतो. त्या दुपारी दोन बोटे गेली. पाचव्या दिवशी बाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, तिसरे बोटही टिकणार नाही. त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. गुडघ्याचा प्रश्न अजून कोणी काढलेला नाही. उद्या काढला तर मला विचारावे लागेल. जखम भरण्यास साडेसात महिने लागले. आता आतून गादी घातलेला खास बूट घालतो. खड्यांच्या वाटेपाशी बाकावर बसतो. मधुमेह असलेला कोणी म्हातारा चप्पल काढू लागला की त्याला थांबवतो. लोकांना मी भांडखोर वाटतो. त्याला इलाज नाही.

घरी सोडले त्या दिवशी प्रज्ञा वॉर्डसाठी मिठाईचा डबा घेऊन आली होती. नोराइनीने तो घेतला नाही. नियम आहे, म्हणाली. प्रज्ञा आग्रह करू लागली, तेव्हा मी तिला डबा पिशवीत ठेवायला सांगितले. मीही तीस-बत्तीस वर्षे असे डबे परत केले आहेत. त्याऐवजी रुग्णालयाच्या अभिप्राय-पत्रावर चार ओळी लिहिल्या. चौथी ओळ अशी होती, ‘या बाईंनी मला काही दिले नाही. माझे होते ते कोणाला घेऊ दिले नाही.’ प्रज्ञाने त्याचे इंग्रजी करून खाली लिहिले. नोराइनीने ते वाचले, घडी घातली आणि मला सांगितले की जिन्याचा कठडा धरूनच उतरायचे. माझे आभार तिने स्वीकारले, असे मी समजतो.

ज्यांना पुढे या वाटेने जायचे आहे त्यांना माझे सांगणे थोडे आहे. सही करण्यापूर्वी चष्मा मागा. कोणी तुमच्या डोक्यावरून तुमच्या मुलाशी बोलू लागला तर मोठ्याने खोका. परिचारिका तोच तोच प्रश्न चौथ्यांदा विचारते तेव्हा चिडू नका, नीट उत्तर द्या. तो प्रश्न म्हणजे तुमच्या हातातला शेवटचा दस्त आहे. आणि घरात कोणी आजारी असेल, तर ‘तिला सांगू नका’ हे वाक्य जिभेवर येईल, प्रेमानेच येईल. गिळून टाका. तिला विचारा.

गुरुवारची एक गोष्ट राहिली.

तीन वाजून दहा मिनिटांनी चाकांची खाट पुन्हा दाराशी आली. तोच माणूस होता. नोराइनीने तीच यादी काढली. नाव. जन्मतारीख. कोणते ऑपरेशन, कोणत्या बाजूचे? या वेळी मी अचूक सांगितले, अटीसह. तिने चौकोनात खूण केली. मग म्हणाली, अंगावरच्या वस्तू काढाव्या लागतील. वॉर्डच्या ताब्यात दिल्या तर यादी करून पावती मिळेल.

मी वरची कवळी काढली, चष्मा काढला, निवृत्तीच्या दिवशी मिळालेले घड्याळ काढले. तिन्ही वस्तू मिलिंदच्या हातात ठेवल्या. पावती घेतली नाही.